अस्मानी, सुलतानी आणि बदलते ऋतुमान

१

मराठी भाषेने आपत्तीची विभागणी फार पूर्वीच करून ठेवली आहे. आभाळातून कोसळते ती अस्मानी आणि सत्तेकडून ओढवते ती सुलतानी. हे दोन्ही शब्द फारसी-अरबीच्या वाटेने मराठीत आले आणि येथे त्यांची जोडी अशी जमली की एकाचा उच्चार होताच दुसरा आठवावा. समर्थ रामदासांच्या एका स्फुट प्रकरणाचे नावच ‘अस्मानी सुलतानी’ असे आहे. वरवर पाहता ही संकटांची केवळ वर्गवारी वाटते. प्रत्यक्षात ती एक नैतिक व्यवस्था आहे. अस्मानीपुढे माणसाने सोसावे, नवस बोलावा, फार तर गाव सोडून जगायला बाहेर पडावे. सुलतानीविरुद्ध तक्रार करता येते, बंड करता येते, निदान तळतळाट तरी देता येतो. अस्मानीला कर्ता नाही, म्हणून अपराधीही नाही. सुलतानीला कर्ता आहे, आणि कर्ता आहे तेथे जाब विचारण्याची शक्यता आहे.

पावसाने झोडपले आणि राजाने मारले तर दाद कोणाकडे मागायची, अशी म्हण मराठीत रूढ आहे. ह्या म्हणीचा उपयोग बहुधा असहायतेचा उद्गार म्हणून होतो. पण तिच्यात एक सूक्ष्म विचार दडलेला आहे. पाऊस आणि राजा ह्या दोन शक्ती स्वतंत्र आहेत, एकीने छळले असता दुसरीकडे धाव घेता येते, हे तिचे गृहीतक आहे. पावसाने नागवलेला माणूस राजाकडे तगाई मागतो, सूट मागतो; राजाने नागवलेला माणूस आभाळाकडे हात जोडतो. दोन्ही दारे एकदम बंद झाली की म्हणीतला प्रश्न उभा राहतो.

गेल्या काही दशकांत ह्या गृहीतकालाच धक्का बसला आहे. औद्योगिक क्रांतीपूर्वी वातावरणातील कार्बन डायऑक्साइडचे प्रमाण दर दशलक्ष भागांत सुमारे २८० होते; १९५८ साली हवाई बेटावर नियमित मोजणी सुरू झाली तेव्हा ते ३१५ च्या आसपास होते; आज ते ४२० च्या पुढे गेले आहे. ही वाढ मुख्यतः कोळसा, तेल आणि वायू जाळल्याने झाली आहे, आणि तिच्यामुळे पृथ्वी तापते आहे, ह्याविषयी शास्त्रज्ञांच्या आंतरसरकारी मंडळाने २०२१ च्या अहवालात संशयाला जागा ठेवलेली नाही. म्हणजे आभाळाला माणसाचा हात लागला आहे. जे अस्मानी म्हणून सोसले जात होते त्याच्यामागे आता कर्ता आहे; पण तो कर्ता सुलतानासारखा तख्तावर बसलेला नाही. त्याला चेहरा नाही, एक देश नाही, एक पिढीही नाही. सुलतान सापडत नाही अशी ही सुलतानी आहे. तिच्यासमोर जबाबदारी, दोष आणि न्याय ह्या संकल्पनांचे काय होते, हा प्रश्न पर्यावरणशास्त्राचा नाही. तो नीतीचा आहे, आणि ह्या संकल्पना भाषेतूनच घडत असल्यामुळे तो साहित्यविचाराचाही आहे.

२

ऋतू हा शब्द ज्या धातूपासून आला त्याच धातूपासून ‘ऋत’ हा शब्द आला आहे. वैदिक विचारात ऋत म्हणजे विश्वाचे नियत चलन; उषा वेळेवर येते, नद्या वाहतात, ऋतू पाळीपाळीने येतात, आणि माणसाचे सत्य वर्तनही ह्याच नियमाचा भाग असते. निसर्गाची नियमितता आणि आचाराची नीती ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत असे त्या विचाराला वाटत नव्हते. पुढील काव्यपरंपरेत ऋताचा हा तात्त्विक अर्थ मागे पडला, तरी ऋतूच्या नियमिततेवरील विश्वास कायम राहिला. कालिदासाच्या ‘ऋतुसंहारा’त सहा ऋतू सहा सर्गांत येतात, आणि ‘मेघदूता’तला मेघ आषाढाच्या आरंभी रामगिरीवर दिसतो. मेघ कोणत्या मासी यावा हे ठरलेले असल्यामुळेच यक्षाचे व्याकूळ होणे वाचकाला आपले वाटते.

रससिद्धान्तात ह्या विश्वासाला शास्त्रीय स्थान मिळाले. भाव ज्याच्या आश्रयाने जागृत होतो तो आलंबन विभाव. त्या भावाला चेतवते ते उद्दीपन. नायक-नायिका ही आलंबने, आणि चंद्र, उद्यान, मेघ, वसंत ही उद्दीपने. निसर्गाला उद्दीपनाचे स्थान देणे म्हणजे त्याला दुय्यम मानणे नव्हे. पण त्याला घटनेबाहेर ठेवणे मात्र नक्कीच आहे. उद्दीपन काही करीत नाही आणि त्याला कोणी काही करीत नाही. ते फक्त असते, वेळेवर असते, आणि त्याच्या असण्यावर भरवसा ठेवून मानवी नाट्य घडते. काव्यशास्त्राने ज्याला उद्दीपन म्हटले आणि लोकभाषेने ज्याला अस्मानी म्हटले, त्या दोहोंत म्हणूनच एक आंतरिक साम्य आहे: दोन्ही कल्पना आभाळाला मानवी कर्तृत्वाच्या कक्षेबाहेर ठेवतात.

शेतकऱ्याच्या भाषेत ही नियमितता अधिक बारकाईने कोरलेली आहे. मृग, आर्द्रा, पुनर्वसू, पुष्य, आश्लेषा, मघा अशा नक्षत्रांनी पावसाची वाटणी झाली, आणि प्रत्येक वाटणीला स्वभाव मिळाला. पुनर्वसूचा तो तरणा पाऊस, पुष्याचा तो म्हातारा. हस्ताच्या पावसाला हत्तीची सोंड लाभली, आणि त्याच सुमारास मुलींच्या हादग्यात पाटावर हत्तीचे चित्र आले. पंचांगाने नक्षत्रांना वाहने दिली. ह्या सगळ्यांत भाकिताचा भाग किती खरा, हा प्रश्न येथे गौण आहे. महत्त्वाचे हे की, ह्या शब्दसंपदेमुळे पाऊस हा नुसता पाण्याचा वर्षाव न राहता ओळखीचा पाहुणा झाला. तो उशिरा येई, रुसे, दांडी मारी. पण हे सारे पाहुण्याचे वागणे होते. दुर्गा भागवतांच्या ‘ऋतुचक्रा’त ही ओळख आधुनिक गद्यात उतरली. चैत्रापासून फाल्गुनापर्यंत महिन्यामहिन्याने लिहिलेल्या त्या लेखांतील निरीक्षण वनस्पतिशास्त्रज्ञाचे आहे आणि लय चक्राची आहे. बदल सतत घडतो. पण तो परत फिरण्यासाठी घडतो.

आता ह्या शब्दसंपदेतील एका छोट्या स्थित्यंतराकडे लक्ष द्यावे. उन्हाळ्याच्या शेवटी दुपारी ढग जमून येणाऱ्या, गडगडाट करीत कोसळून जाणाऱ्या पावसाला मराठीत ‘वळीव’ म्हणतात. वळीव मोसमी पाऊस नव्हे, तरी तो ऋतूबाहेरचाही नव्हे. त्याची वाट पाहिली जाते. त्याने भिजलेल्या मातीचा वास हा मराठी कवितेचा आणि कथेचा आवडता अनुभव आहे. अलीकडे वृत्तपत्रे, महसूल खाते आणि हळूहळू खेडूतही ह्या पावसाला सरसकट ‘अवकाळी’ म्हणू लागले आहेत. कारण तो आता वैशाखातच येत नाही; माघात येतो, मार्गशीर्षात येतो, काढणीला आलेल्या गव्हावर आणि हरभऱ्यावर येतो. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये विदर्भ, मराठवाडा आणि मध्य महाराष्ट्रात दिवसामागून दिवस गारपीट होत राहिली तेव्हा तिला देण्यासाठी भाषेत दुसरे नावच नव्हते. वळीव हे नाव आहे. अवकाळी हे नाव नाकारणे आहे. हा पाऊस कोण हे सांगता येत नाही, तो काळाचा नव्हे एवढेच सांगता येते. पाहुण्याच्या जागी अनोळखी माणूस दारात उभा राहावा, तसा हा भाषेतला बदल आहे.

२०२५ साली मोसमी पाऊस मुंबईत २६ मे रोजी दाखल झाला. तेथील त्याची सर्वसाधारण तारीख ११ जून आहे. मृगाची वाट पाहणाऱ्या पंचांगाला तो रोहिणीतच गाठून गेला. वेळेआधी आलेला पाऊस ही आनंदाची वार्ता असावयास हवी. परंतु मशागती अपुऱ्या असताना, उन्हाळी पीक खळ्यावर असताना आलेला पाऊस शेतकऱ्याला संभ्रमात टाकतो, आणि हा मृग खरा की खोटा हे ठरविण्याचे त्याचे पिढीजात ज्ञान अशा वेळी त्याला साथ देत नाही. हवामानबदलाने होणारी हानी मोजताना पीक, घरे, जनावरे मोजली जातात. निरुपयोगी झालेले ज्ञान कोणत्याही पंचनाम्यात नोंदले जात नाही.

३

अस्मानी आणि सुलतानी यांमधील सीमारेषा पूर्वीच्या काळीही वाटते तितकी स्वच्छ नव्हती. १६३० ते १६३२ च्या दख्खनमधील दुष्काळात पाऊस पडला नाही हे खरे. पण त्याच वर्षांत मोगल फौजा दक्षिणेत उतरल्या होत्या, आणि त्याच सुमारास आदिलशाही सरदाराने पुणे उद्ध्वस्त केले होते. तुकारामांची पहिली पत्नी ह्याच दुष्काळात अन्नावाचून गेली, हे त्यांच्या अभंगांतून कळते. त्या मृत्यूला केवळ आभाळ जबाबदार होते असे म्हणता येणार नाही. तरीही भोगणाऱ्याच्या जाणिवेत ते आभाळच राहिले.

एकोणिसाव्या शतकात ही जाणीव पालटू लागली. १८७६ ते १८७८ च्या दुष्काळात पुण्याच्या सार्वजनिक सभेने गावोगावची माहिती जमवून सरकारपुढे मांडली. मदतकार्यावरील मजुराची रोजी कमी केली गेली तेव्हा मजुरांनी कामे सोडली. आणि देशात माणसे उपाशी मरत असताना धान्याची निर्यात चालू होती हे लोकांच्या ध्यानात आले. जोतीराव फुल्यांनी ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहिला तो ह्या पार्श्वभूमीवर, १८८३ साली. शेतकऱ्याच्या दैन्याचे कारण दैवात शोधण्याची सवय मोडून ते सारा, जंगलखाते, भटशाही आणि अज्ञान यांत शोधावयास लावणे हे त्या ग्रंथाचे मोठे कार्य होय. पावसाचे पाणी अडविण्यासाठी ताली-बंधारे घालण्याची मागणी फुले करतात, तेव्हा ते अस्मानीचा एक मोठा तुकडा उचलून सुलतानीच्या बाजूला ठेवीत असतात.

विसाव्या शतकाने हे काम पुढे नेले. अमर्त्य सेन यांनी १९८१ साली मांडले की, दुष्काळात माणसे मरतात ती अन्न नसते म्हणून नव्हे, तर अन्न मिळविण्याचा त्यांचा अधिकार कोसळतो म्हणून. महाराष्ट्राचा १९७२-७३ चा अनुभव ह्या सिद्धान्ताचा दाखला म्हणून जगभर अभ्यासला गेला. पाऊस सपशेल फसला होता, पीक बुडाले होते. तरी पाझर तलाव, रस्ते आणि खडी फोडण्याच्या कामांवर ऐन भरात सुमारे ५० लाख मजूर होते. मिलो आणि सुकडी खाऊन का होईना, लोक जगले. त्यातूनच रोजगार हमीचा कायदा आला. दुष्काळ अस्मानी असेल, भूकबळी सुलतानी असतात, हा त्या वर्षांचा धडा होता.

सत्तेलाही हा धडा आपल्या परीने कळला होता. १९६३ साली महाराष्ट्र विधिमंडळाने एक कायदा करून राज्यातील कायद्यांतून ‘फॅमिन’ हा शब्दच वगळला आणि त्या जागी ‘स्कॅर्सिटी’ म्हणजे टंचाई हा शब्द आणला. शब्द बदलला की जबाबदारीचे स्वरूप बदलते, हे कायदेमंडळांना समीक्षकांइतकेच ठाऊक असते. पुढे पैसेवारी ५० पैशांच्या खाली की वर, महसूल मंडळातल्या पर्जन्यमापकात चोवीस तासांत ६५ मिलिमीटर भरले की नाही, अशा आकड्यांवर शेतकऱ्याचे दुःख मान्य किंवा अमान्य होऊ लागले.

शंभर-सव्वाशे वर्षांच्या ह्या प्रवासाची दिशा एकच दिसते: अस्मानीचा प्रांत क्रमाने आकसत गेला आणि सुलतानीचा वाढत गेला. हा आधुनिकतेचा विजयच होता. परंतु त्याला एक मर्यादा होती. मृत्यू, भूक, कर्ज, स्थलांतर हे सर्व मानवनिर्मित असू शकते असे मान्य झाले, तरी प्रत्यक्ष न पडलेला पाऊस मात्र निसर्गाचाच राहिला. फुले, सार्वजनिक सभा, सेन, रोजगार हमी ह्या साऱ्यांच्या विचारात आभाळ ही एक दिलेली गोष्ट आहे. आता तीच दिलेली राहिलेली नाही.

४

आभाळ बदलले आहे ही जाणीव एका समीक्षकाला फार लवकर झाली होती, हे साहित्यविचारकांनी विसरू नये. जॉन रस्किनने १८५६ साली एक प्रसिद्ध संकल्पना मांडली: कवी निसर्गावर मानवी भावना लादतो तेव्हा तो एक प्रकारचा भ्रम निर्माण करतो. समुद्र क्रूर नसतो, पाने नाचत नाहीत. ह्याच रस्किनने १८८४ साली लंडनमध्ये एकोणिसाव्या शतकाच्या वादळी ढगावर दोन व्याख्याने दिली. अनेक वर्षे ठेवलेल्या आकाशाच्या नोंदींच्या आधारे त्याने सांगितले की, एक नवाच काळवंडलेला वारा आणि ढग इंग्लंडवर आला आहे, आणि त्याचा संबंध कारखान्यांच्या धुराशी आणि समाजाच्या नैतिक अधःपाताशी आहे. श्रोत्यांना ते मनोविकाराचे लक्षण वाटले. ज्याने निसर्गावर मानवी भाव लादणे हा भ्रम ठरविला होता, तोच आकाशात माणसाचे पाप पाहू लागला, हा विरोधाभास अनेकांनी नोंदविला आहे. पण धुराचा आणि ढगाचा संबंध हा भ्रम नव्हता. समुद्राला क्रूर म्हणणे ही कविकल्पना. समुद्र माणसाच्या कृतीने तापला आहे असे म्हणणे ही मोजता येणारी वस्तुस्थिती. निसर्गाला मानवी भावना नाहीत हे आजही खरे आहे, परंतु मानवी कृत्यांची खूण त्याच्या अंगावर उमटली आहे.

ही खूण वाचण्याची भाषा मात्र अवघड आहे. २००३ च्या युरोपातील उष्म्याविषयी ब्रिटिश शास्त्रज्ञांनी दुसऱ्याच वर्षी दाखवून दिले की, मानवी प्रभावामुळे अशा उन्हाळ्याची जोखीम किमान दुप्पट झाली होती. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेतील संशोधकांनी २०१७ साली दाखविले की, मध्य भारताच्या पट्ट्यात विस्तृत प्रदेशावर होणाऱ्या अतितीव्र पावसाच्या घटना १९५० ते २०१५ या काळात तिपटीने वाढल्या, त्याच वेळी मोसमी पावसाचे एकूण मान घटत होते. ही विधाने संभाव्यतेची आहेत. हा विशिष्ट पाऊस अमुकाने पाडला असे ती सांगत नाहीत. तो पडण्याची शक्यता किती वाढली एवढेच ती सांगतात. नीतीची आणि कथेची परंपरागत रचना याहून वेगळी आहे. तेथे हा घाव, हा हात, हा अपराधी अशी साखळी लागते. वाढलेल्या शक्यतेविरुद्ध राग धरता येतो का, आणि शक्यता वाढविणाऱ्याला अपराधी म्हणता येते का, हा नव्या परिस्थितीतील पहिला नैतिक पेच आहे.

५

आभाळातील विपरीतामागे माणसाचा दोष पाहणे ही कल्पना भारतीय परंपरेला नवी नाही. यास्काने ‘निरुक्ता’त सांगितलेल्या कथेप्रमाणे, थोरला देवापि असताना धाकट्या शंतनूने राज्य घेतले म्हणून बारा वर्षे पाऊस पडला नाही. अंगदेशच्या लोमपादाच्या राज्यातील अवर्षण राजाच्या अपराधामुळे आले आणि ऋष्यशृंगाच्या आगमनाने फिटले. ह्या कथांतून ऋताचीच जुनी कल्पना बोलते: नीती बिघडली की ऋतू बिघडतो.

ह्या कल्पनेची आधुनिक काळातील कसोटी १९३४ च्या बिहार भूकंपाच्या वेळी झाली. हा भूकंप अस्पृश्यतेच्या पापाचे प्रायश्चित्त आहे असे गांधींनी म्हटले, आणि रवींद्रनाथांनी त्याला जाहीर विरोध केला. भौतिक घटनांची कारणे भौतिकच असतात, त्यांना नैतिक अर्थ चिकटविल्याने अंधश्रद्धेला बळ मिळते, असा त्यांचा आशय होता. गांधींनी आपले म्हणणे मागे घेतले नाही. आज त्या वादाकडे पाहताना रवींद्रनाथांच्या बाजूने उभे राहावेच लागते. जमिनीखालील हालचालींना उच्चनीचतेशी काही कर्तव्य नाही. पण त्यांच्या युक्तिवादातील एक आधार हवामानाच्या बाबतीत डळमळीत झाला आहे. मानवी कृती आणि भौतिक आपत्ती यांत आता भौतिक कारणसंबंधच सापडला आहे. लोमपादाच्या कथेतील दैवी न्याय नाहीसा झाला, कारणसंबंध मात्र परत आला.

आणि येथेच ह्या स्थितीचे खरे भीषण स्वरूप उघड होते. दैवी न्यायाच्या कथेत ज्याने केले त्याने, निदान त्याच्या राज्याने, भोगले असा काही मेळ होता. कर्मसिद्धान्ताने हा मेळ तर्काच्या टोकापर्यंत नेला. केलेल्या कर्माचे फळ न मिळता ते वाया जाणे हा ‘कृतप्रणाश’, आणि न केलेल्या कर्माचे फळ वाट्याला येणे हा ‘अकृताभ्यागम’. हे दोन दोष ज्या उपपत्तीत येतील ती उपपत्ती भारतीय दार्शनिकांनी त्याज्य मानली. विश्व अशा प्रकारे चालत असेल तर नीतीला आधारच उरत नाही, असे त्यांना वाटत होते. हवामानबदल म्हणजे हे दोन्ही दोष प्रत्यक्षात उतरणे होय. एकट्या अमेरिकेचा आजवरच्या कार्बन उत्सर्जनातील वाटा सुमारे चतुर्थांश आहे; भारताचा चार टक्क्यांच्या आसपास. आजही दरडोई उत्सर्जन अमेरिकेत वर्षाला सुमारे १४ टन, तर भारतात सुमारे २ टन. ज्यांनी केले ते फळ न भोगता गेले. ज्यांनी केले नाही, त्यांत अद्याप न जन्मलेलेही आले, त्यांच्या दारी ते फळ येऊन उभे राहिले.

शिवाय ‘भारत’ ही सरासरीही फसवी आहे. बीडहून ऊसतोडीला जाणारे कुटुंब आणि महानगरातील वातानुकूलित घर यांचे उत्सर्जन एका आकड्यात मिसळते. दोघांच्या वाट्याला येणारा उन्हाळा मात्र एका आकड्यात मिसळत नाही. राष्ट्रांमधील अन्यायाविषयी उंच स्वरात बोलणारा समाज आपल्या आतील अन्यायाविषयी गप्प राहत असेल, तर तो अकृताभ्यागमाची तक्रार करण्याचा आपला अधिकार स्वतःच उणा करीत असतो.

६

अस्मानीला कर्ता मिळाला ह्याचा एक अनपेक्षित परिणाम असा की, कर्त्यांना नवी अस्मानी मिळाली. मुंबईत २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. त्याच दिवशी त्याच शहरात कुलाब्याला शंभर मिलिमीटरही नव्हता. पाऊस असामान्य होता ह्यात शंका नाही. पण मिठी नदीचे पात्र भरावाने आणि बांधकामांनी आवळले गेले होते, विमानतळाच्या धावपट्टीसाठी तिला वळविले गेले होते, खारफुटी कापून जमीन केली गेली होती, आणि शहराची पर्जन्यवाहिनी ओहोटीच्या वेळी ताशी २५ मिलिमीटर पाऊस वाहून नेईल एवढ्याच बेताची होती. ती सुधारण्याचा आराखडा १९९३ पासून कागदावर होता. त्या दिवशी जे बुडाले ते केवळ ढगाने बुडविले नव्हते.

आता अशा प्रत्येक प्रसंगी ‘हवामानबदल’ हा शब्द पुढे केला जातो. डोंगर पोखरला गेला आणि दरड कोसळली, तरी हवामानबदल. नदीच्या पूररेषेत वसाहती उठल्या आणि पूर आला, तरी हवामानबदल. अवर्षणप्रवण तालुक्यांत उसाने धरणाचे पाणी प्यायले आणि उन्हाळ्यात टँकर धावू लागले, तरी हवामानबदल. २०१६ साली लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी न्यावे लागले, त्या घटनेत पावसाचा दोष किती आणि पाण्याच्या वाटपाचा किती, हा प्रश्न ह्या एका शब्दाने झाकता येतो. ज्या संकल्पनेने मानवी जबाबदारी आभाळापर्यंत नेली, तीच संकल्पना जमिनीवरील जबाबदारी पुसण्यासाठी वापरली जाते. जुनी अस्मानी अज्ञानातून आली होती. ही नवी अस्मानी ज्ञानाचा वेष घेऊन येते, म्हणून ती अधिक फसवी आहे.

याच्या उलट टोकाचीही एक पळवाट आहे. प्रत्येक आपत्ती ही स्थानिक भ्रष्टाचाराचीच निष्पत्ती, असे मानले की आभाळाकडे पाहावेच लागत नाही. नाले साफ झाले असते, धरणे नीट चालविली असती, तर काही झाले नसते, हा दिलासा सोयीचा आहे. कारण तो सध्याच्या जगण्याची रीत जशीच्या तशी ठेवून फक्त अधिकारी बदलावयास सांगतो. २०२५ च्या सप्टेंबरात मराठवाड्यात आणि सोलापूरच्या सीनाकाठी, पिढ्यान्‌पिढ्या अवर्षणाच्या भीतीत जगलेल्या गावांत, पुराने पिकांबरोबर मातीही खरवडून नेली. तेव्हा केवळ एका खात्याला दोष देऊन तो अनुभव पुरता उलगडत नव्हता.

म्हणून जुन्या विभागणीचे दोन भाग एकमेकांत विरघळवून टाकणे हा मार्ग नव्हे. ‘सगळेच सुलतानी’ म्हणणे आणि ‘सगळेच अस्मानी’ म्हणणे यांचा व्यावहारिक परिणाम एकच होतो: कोणालाच जाब विचारला जात नाही. एकाच पुरात किती पाणी दूरच्या चिमण्यांचे, किती जवळच्या भरावाचे आणि किती निव्वळ योगायोगाचे, हे वेगवेगळे करून पाहण्याचा कंटाळवाणा, अपुरा, पण प्रामाणिक प्रयत्न करणे हेच आजचे नैतिक कर्तव्य ठरते. योगायोगाचा तिसरा वाटा मान्य करणेही त्यात आले. आभाळाचा काही अंश अजूनही खरोखरच अस्मानी आहे.

७

अमिताव घोष यांनी ‘द ग्रेट डिरेंजमेंट’ ह्या २०१६ च्या ग्रंथात आधुनिक कादंबरीवर असा आक्षेप घेतला की, संभाव्य आणि दैनंदिन यांच्या चौकटीत स्वतःला बांधून घेतल्यामुळे तिला हवामानबदलासारखी असंभाव्य वाटणारी गोष्ट पेलत नाही. हा आक्षेप मराठी कादंबरीला जसाच्या तसा लागू पडत नाही. येथे आभाळ कधी बाहेर गेलेच नव्हते. व्यंकटेश माडगूळकरांच्या ‘बनगरवाडी’चा शेवट दुष्काळाने होतो, कथानक जणू आभाळानेच आवरून घेतले जाते आणि गाव ओस पडते. त्या शेवटाचे सामर्थ्य त्याच्या मौनात आहे. तेथे कोणावर आरोप नाही, कारण आरोप करण्याजोगे कोणी नाही. ती अस्मानीची शुद्ध कलाकृती आहे. दुसऱ्या बाजूला विश्वास पाटील यांची ‘झाडाझडती’ आहे. धरणाने उठविलेल्या माणसांच्या ह्या कथेत सत्तेचा प्रत्येक हात ओळखता येतो. ती सुलतानीची कादंबरी आहे. मराठी कादंबरीची अडचण आभाळ नसण्याची नाही. तिच्यात आभाळ एका घरात आणि सत्ता दुसऱ्या घरात राहत आली, ही तिची अडचण आहे.

सदानंद देशमुखांच्या ‘बारोमास’मध्ये ही दोन घरे एकमेकांना लागून आलेली दिसतात. शिकलेला, नोकरी नसलेला, शेतीत अडकलेला एकनाथ पाऊस, कर्ज, बाजारभाव आणि घरातील धुसफूस यांत एकाच वेळी सापडतो, आणि यांपैकी एक कारण निवडणे त्याला आणि वाचकालाही शक्य होत नाही. ‘ऋतुचक्र’ आणि ‘बारोमास’ ह्या दोन्ही पुस्तकांच्या मागे बारा महिनेच आहेत. एकात महिने फिरून येतात, दुसऱ्यात ते साचत जातात. जवळपास अर्ध्या शतकाच्या अंतरात मराठी वर्षाचे चक्रातून ओझ्यात रूपांतर कसे झाले, हे ह्या दोन शीर्षकांमधून वाचता येते. काव्यशास्त्राच्या परिभाषेत सांगावयाचे तर, ऋतू आता उद्दीपन राहिलेला नाही. तो आलंबन झाला आहे. ज्याच्याविषयी भय वाटते, शोक वाटतो, अपराधही वाटतो, असा तो स्वतःच कथेतले पात्र आहे. त्याला कोणी काही केले आहे आणि तोही काही करतो आहे.

दाद मागण्याची जागाही हळूहळू उभी राहते आहे. भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने २०२४ साली, माळढोक पक्षी आणि विजेच्या तारा यांच्या वादात निकाल देताना, हवामानबदलाच्या दुष्परिणामांपासून मुक्त असण्याचा अधिकार घटनेच्या १४ व्या आणि २१ व्या कलमांत पाहिला. वानुआटू ह्या छोट्या बेटराष्ट्राच्या पुढाकाराने आंतरराष्ट्रीय न्यायालयापुढे गेलेल्या प्रश्नावर जुलै २०२५ मध्ये सल्ला-मत आले: हवामानाचे रक्षण करणे हे राष्ट्रांचे कायदेशीर कर्तव्य आहे आणि त्याच्या भंगातून भरपाईची जबाबदारीही उद्भवू शकते. सल्ला-मताने कोणाचे शेत भरून येत नाही, आणि माळढोकाच्या प्रकरणात तर सौरऊर्जेच्या तारा आणि दुर्मीळ पक्षी हे दोन्ही संरक्षणाचे दावे एकमेकांसमोर उभे होते. नव्या न्यायाचे स्वरूप असे गुंतागुंतीचे असणार, याची ती चुणूक आहे.

तरीही एक गोष्ट बदलली आहे. दाद कोणाकडे मागायची, हे आजवर एक हताश विधान होते. प्रश्नचिन्ह त्याला केवळ शोभेपुरते होते. आता ते खरोखर प्रश्न म्हणून विचारता येते, आणि त्याचे उत्तर एकाच नावाने देता येत नाही म्हणून ते टाळण्याचे कारण उरत नाही. ह्या उत्तरात दूरची राष्ट्रे येतील, जवळची महानगरपालिका येईल, उसाचा कारखाना येईल, आणि वळवाच्या आठवणीने हळहळणारा, वीज भरपूर वापरणारा सुशिक्षित वाचकही येईल. ह्या सर्वांचे वाटे सारखे नाहीत, आणि ते सारखे नाहीत हे अचूक सांगणे हे भाषेचे काम आहे. सीनाकाठच्या शेतात माती वाहून गेल्यावर उघडा पडलेला मुरूम पाहणाऱ्या माणसाला निदान एवढे मिळावयास हवे की, हे कोणी केले असे त्याने विचारले असता त्याच्यापुढे पुन्हा फक्त आभाळाकडे बोट दाखविले जाणार नाही.